मागचं झाकण

सोमवार, ९ फेब्रुवारी
सकाळचे साडेदहा

प्रिय खारू,

सहा वर्षांनी तुला ही हाक मारते आहे. समोरचे दोन दात पुढे म्हणून बाबांनी तुझं नाव खारूताई ठेवलं होतं आणि त्यातलं ‘ताई’ मी कापून टाकलं, कारण घरात ताई एकच असणार होती. मी तेव्हा नऊ वर्षांची, तू चार. हुकूम सोडायची खोड माझी तेव्हापासूनची.

तुम्ही दोघं बरी असाल. तुझ्या नवऱ्याच्या गुडघ्याचं काय झालं? आणि तू त्या नव्या गावात तिसऱ्या मजल्यावर कामासाठी जागा घेतलीस म्हणे. जिने चढायचा एवढा सोस कशाला, काही कळत नाही.

शनिवारी तुझा फोन आला तेव्हा मी आवाज ओळखला नाही, खरं सांगते. ‘ताई, आजारी आहेस हे मला दातांच्या डॉक्टरांकडून कळावं?’ म्हणालीस आणि मला रडूच आलं. रडू आलं की दम लागतो, दम लागला की बोलता येत नाही, आणि तू आपली ‘पुरे, पुरे, बोलू नकोस’ करत फोन ठेवून दिलास. चार मिनिटंसुद्धा झाली नसतील. म्हणून आता लिहिते. लिहिताना धाप लागत नाही. अडलं तर पेन खाली ठेवायचं, कुणाला कळत नाही.

तू विचारलं होतंस, ‘तुला नेमकं झालंय काय?’ धूळ बसली आहे. आपल्या कवळ्यांच्या कामातली, फुप्फुसांत. जिथे बसली तिथे ती निबर झाली आहेत. ती धूळ निघत नाही. जेवढी फुप्फुसं मऊ उरली आहेत तेवढ्यात भागवायचं. ते कसं भागवायचं याची शिकवणी लावली आहे मी, आठवड्यातून दोनदा. शिकवणाऱ्या बाई तुझ्याहूनही लहान आहेत. त्यांना आम्ही श्वासाच्या बाई म्हणतो.

माझा दिवस ऐक. उठल्या उठल्या उठायचं नाही, हा पहिला नियम. उताणं पडून पोटावर काहीतरी ठेवायचं आणि श्वास घेताना ते वर जातं का बघायचं. छाती नाही, पोट हललं पाहिजे. शिकवणीतले बाकीचे पुस्तक ठेवतात. मी काय ठेवते सांगू? तुझे दात. तू एकोणीस वर्षांची असताना साचा घ्यायला शिकलीस आणि पहिला साचा स्वतःच्याच तोंडाचा घेतलास, तो. प्लास्टरचे दोन्ही जबडे मी एकावर एक ठेवते. श्वास घेतला की तू वर येतेस, सोडला की खाली जातेस. रोज सकाळी दहा मिनिटं माझ्या पोटावर बसून तू मला दात दाखवतेस. एवढ्या वर्षांची तुझी इच्छा पूर्ण झाली म्हणायची.

मग ओठांचा चंबू. नाकाने दोन मोजेपर्यंत आत आणि चंबूतून सावकाश, चार मोजेपर्यंत बाहेर. आत घेण्यापेक्षा बाहेर सोडणं महत्त्वाचं, हे मला या वयात कळलं. जुनी हवा आत अडकून राहते म्हणून नवीला जागा नसते. दुसरा नियम असा की जड काम श्वास सोडताना करायचं. बादली उचलायची ती सोडताना, पायरी चढायची ती सोडताना. श्वास घेताना नुसतं थांबायचं. आंघोळ स्टुलावर बसून करते, कोमट पाण्याने, फार वाफ होऊ द्यायची नाही. अंग पुसत बसत नाही, टॉवेलचा झगा घालून तशीच वाळते. भाजी बसून चिरते. पोटभर जेवत नाही, थोडं थोडं पाच वेळा खाते. बाई म्हणतात, भरलेलं पोट श्वासाला ढकलतं.

हे सगळं हसत लिहिते आहे, पण खारू, मी घाबरते. न्हाणीघराला कडी लावत नाही. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंकडे किल्ली देऊन ठेवली आहे. सकाळी नऊपर्यंत माझ्या खिडकीचा पडदा उघडला नाही तर त्यांनी वर यायचं, असं ठरलं आहे. मी, जिच्या आवाजाने डॉक्टर लोक ऑर्डरची तारीख पुढे ढकलायचे, ती आता पडदा उघडते म्हणजे ‘आहे मी’ असं सांगते.

हात दुखायला लागला. उद्या पूर्ण करून टाकते.

तुझं टेबल खिडकीपाशी आहे का गं? आणि खुर्ची कुठे ठेवतेस, भिंतीकडे पाठ करून? सहज विचारलं.


मंगळवार, दुपार

आज शिकवणी होती. आम्ही सात जण आहोत. माझ्या शेजारी निवृत्त बसड्रायव्हर काका बसतात. पस्तीस वर्षं बस चालवली, आता उभे राहिले तरी गाडी घाट चढते आहे असं वाटतं, असं तेच म्हणतात. बाईंनी आज प्रत्येकासमोर मेणबत्ती लावली. ती विझवायची नाही, फुंकरीने ज्योत नुसती वाकवायची आणि वाकलेली धरून ठेवायची. काकांनी पहिल्या झटक्यात विझवली आणि म्हणाले, ‘बाई, ब्रेक लागला नाही.’ सगळे हसले, मग सगळ्यांनाच खोकला आला, मग बाईंनी सगळ्यांना टेबलावर कोपर टेकून पुढे वाकायला लावलं. दम लागला की असंच बसायचं असतं, हात टेकून, खांदे सैल सोडून. सात जण एका टेबलावर वाकलेले. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर वाटलं असतं, परीक्षेत कॉपी चालली आहे.

माझी ज्योत चांगली वाकली. बाईंनी शाबासकी दिली आणि मला तुझी आठवण आली. तुला मी चौदा वर्षांत एकदाही शाबासकी दिली नाही, हे तूच म्हणाली होतीस, काम वेगळं केलं त्या शेवटच्या दिवशी. मी म्हणाले होते, ‘चांगल्या कामाला काय सांगायचं, चुकलं तर सांगेन.’ आता सांगते. खालच्या जबड्याची कवळी तुझ्यासारखी बसवणारी मी पाहिली नाही. मी केलेली कवळी जेवताना हलायची, तू केलेली हलायची नाही. ती मास्तरीणबाई आठवते? दोन वर्षं माझ्या कवळीबद्दल रडत होती, तू एकदा घासून दिलीस आणि पुढल्या आठवड्यात ती पेरू खात खात आली. मला त्या पेरूचा इतका राग आला होता!

शनिवारी फोनवर तू दोनदा खोकलीस. ‘हवा बदलली आहे’ म्हणालीस. नंतर म्हणालीस, जिना चढताना दम लागतो, वजन वाढलंय. मीही तेच म्हणत होते. मी तर वजन कमी करायला रोज रात्रीचं जेवण सोडलं होतं. चार किलो उतरले आणि दम तेवढाच.

असो. तुझं वेगळं असेल. तू लहान आहेस.

छातीचे डॉक्टर पहिल्या भेटीत खूप प्रश्न विचारतात. काय काम करता, किती वर्षं, खोली केवढी, खिडक्या किती. कशाकशाची भुकटी उडते ते मी सांगितलं. प्लास्टर, चिनी मातीचे दात, धातूची तार, पॉलिशची पूड. त्यांनी सगळं लिहून घेतलं. त्यांनी आणखी एक विचारलं होतं, ते पुढे लिहीन. आज नको.


बुधवार, संध्याकाळी पाच

पत्र पाकिटात घालून, तिकीट लावून, दुपारी खाली निघाले होते. म्हणजे वरची दोन पानं. छान पत्र झालं होतं, आजारपणाची गंमत, जुन्या आठवणी, सगळं जागच्या जागी. पोस्टाची पेटी आमच्या दारातून बाहेर पडलं की उजव्या हाताला आहे. एकूण चौतीस पायऱ्या. उतरायला मला त्रास होत नाही.

अठराव्या पायरीवर पाय थांबले. छाती आवळून आली, हवा घशाशी येऊन अडकली, हाताच्या बोटांना मुंग्या आल्या. कठडा धरून खाली बसले. शिवणवाल्या बाई मशीन सोडून धावत आल्या. ‘काय होतंय? गाडी बोलावू का?’ मी मान हलवून नाही म्हटलं. चंबू केला. दोन, चार. दोन, चार. त्या बिचाऱ्या माझ्यासमोर पायरीवर बसल्या आणि माझ्याबरोबर चंबू करू लागल्या. दहा मिनिटांनी उठता आलं. त्यांनी विचारलं, ‘पत्र मी टाकू का?’

मी नको म्हणाले. पत्र छातीशी धरून वर आले. आणि वर येताना, खारू, चढताना, मला उतरतानाइतकाही दम लागला नाही.

म्हणजे तो दम नव्हता. ती भीती होती. बाई सांगतात की दोन्ही बाहेरून सारखी दिसतात आणि एकमेकांना वाढवतात. बाईंना सगळं कळतं. फक्त मला कशाची भीती वाटते ते त्यांना माहीत नाही.

डॉक्टरांचा तो प्रश्न असा होता. ‘त्या खोलीत तुमच्याबरोबर आणखी कोण बसायचं?’

मी म्हणाले, कोणी नाही. मी एकटीच.

त्यांनी लिहून घेतलं. एकटी. मी तिथल्या तिथे सांगू शकले असते की माझी बहीण चौदा वर्षं माझ्यापासून चार हातांवर बसत होती. त्यांनी तुझा पत्ता मागितला असता, तुला तपासायला बोलावलं असतं. त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. तुझ्याच भल्याचं होतं. पण पुढचा प्रश्न आला असता, धूळ ओढणारं मशीन होतं का, आणि तू समोर बसून म्हणाली असतीस, हो, होतं ना, दिवसभर चालू असायचं.

म्हणून म्हणाले, एकटी. गेल्या सप्टेंबरात. हा पाचवा महिना चालू आहे.

आता दमले. हा खरा दम आहे.


गुरुवार, सकाळ

काल तू मशीन चालू केलं असशील नऊ वाजता. आजही केलं असशील. मी तुझे दात पोटावर घेऊन पडले होते आणि घड्याळाकडे बघत होते.

शनिवारी फोनवर तुझ्या मागे मला म्हाताऱ्याचा आवाज आला. आपलं ते धूळ ओढणारं सक्शन मशीन. तूच त्याला म्हातारा म्हणायचीस, सुरू होताना कण्हतो आणि बंद होताना खाकरतो म्हणून. मी तो आवाज कुठेही ओळखीन. तू ‘हवा बदलली आहे’ म्हणत होतीस आणि तुझ्यामागे तो कण्हत होता. मला वाटलं होतं की एव्हाना तू तो भंगारात दिला असशील. सहा वर्षं मी स्वतःला हेच सांगत होते, नवीन जागा, नवीन सामान, नवीन मशीन घेतलं असेल तिने.

आता मी एका दमात लिहिणार आहे. मध्ये थांबले तर पुन्हा पेरूच्या गोष्टी सांगत बसेन.

म्हाताऱ्याच्या पोटात कापडाची एक पिशवी असते. आपल्या टेबलांवरची धूळ नळ्यांतून त्या पिशवीत जाते आणि स्वच्छ हवा मागच्या जाळीतून बाहेर पडते. ती पिशवी दर दीड महिन्याला बदलायची असते. ते काम माझं होतं, मशीनला मी तुला हात लावू देत नसे. तू आल्यावर दहाव्या वर्षी, त्या मोठ्या ऑर्डरच्या वेळी, मला पिशवी फाटलेली दिसली. चांगली वीतभर. बदलायची म्हणजे अर्धा दिवस काम बंद आणि पॉलिश करून ठेवलेल्या बारा कवळ्यांवर पुन्हा धूळ. आणि नव्या पिशव्या संपल्या होत्या. मी चिकटपट्टी लावली. पुढच्या आठवड्यात बदलू म्हटलं.

पुढच्या आठवड्यात चिकटपट्टी सुटली होती. मी झाकण तसंच लावून टाकलं. मशीन आवाज करत होतं, टेबलावरची धूळ ओढली जात होती, समोर सगळं चकाचक. ओढलेली धूळ फाटक्यातून निघून मागच्या जाळीतून बाहेर पडत होती, इतकाच फरक. आणि जाळी तुझ्या खुर्चीच्या पाठीशी होती.

तू एकदा निळा स्वेटर काढून झटकत म्हणाली होतीस, ‘ताई, माझ्या पाठीवरच एवढं पांढरं कसं येतं गं?’

मी म्हणाले, ‘भिंत झडतेय. जरा पुढे सरकून बस.’

तू पुढे सरकलीस. खारू, तू मला एकही उलटा प्रश्न विचारला नाहीस. खुर्ची वीतभर पुढे घेतलीस आणि कामाला लागलीस. त्या दिवसापासून सकाळी तू यायच्या आधी मी ओल्या फडक्याने तुझ्या खुर्चीची पाठ पुसून ठेवायला लागले. रोज. पिशवी बदलायला अर्धा दिवस नव्हता माझ्याकडे, खुर्ची पुसायला चार वर्षं होती.

का नाही बदलली, हे मी स्वतःला फार वेळा विचारलं आहे. पहिल्या आठवड्यात आळस होता. नंतर लाज. नवी बसवताना फाटकी तुला दिसली असती आणि तू विचारलं असतंस, ही कधी फाटली? मग ती भिंतीची थापही बाहेर पडली असती. एकदा झाकलं की पुढे नुसतं झाकतच जायचं. म्हणून तर मी म्हाताऱ्याच्या मागच्या झाकणाच्या स्क्रूंवर कवळीचं गुलाबी मटेरियल ओतून ते पक्कं करून टाकलं आणि तुला सांगितलं, ‘आता कायमची पिशवी बसवली आहे, मागचं झाकण कधीही उघडायचं नाही, मोटरचा तोल जातो.’ कसला तोल? असलं काही नसतं. मी तेव्हाच्या तेव्हा बनवलं ते.

वेगळं व्हायच्या दिवशी आपण दातओठ खात वाटणी करत होतो. तू म्हणालीस, ‘बाकी सगळं ठेव, मला म्हातारा दे.’ मी लगेच हो म्हटलं. तू चमकून बघितलंस. तुला वाटलं असेल, चला, शेवटी तरी ताईला माया आली. ती माया नव्हती गं. मला वाटलं, चला, घरातून गेला एकदाचा. उद्या कुणी उघडून बघणार नाही.

बघ, मी कशी आहे ते. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे आपण लोकांबद्दल म्हणायचो.

मी सांगितलेलं तू कधी मोडत नाहीस. भांडून गेलीस, सहा वर्षं तोंड बघितलं नाहीस, तरी प्लास्टर मी शिकवलं त्याच मापाने कालवत असशील. म्हणजे ते झाकण तू उघडलं नसशील. म्हणजे दहा वर्षं. माझी स्वतःची भीती मला आता सवयीची झाली आहे, तिच्याबरोबर मी उठते-बसते. ही वेगळी आहे. तू जिना चढतेस आणि मध्ये थांबून कठडा धरतेस, वजनाला नावं ठेवतेस, हे मला डोळ्यांसमोर दिसतं आणि ओरडावंसं वाटतं.


गुरुवारीच, दुपारी

आत्ता लक्षात आलं. पत्र पोचायला चार दिवस लागतात. सोमवारपासून मी लिहिते आहे, चार दिवस माझे झालेच. आणखी चार दिवस नऊ ते सहा तो तुझ्या पाठीशी चालणार, आणि मी इथे सुवाच्य अक्षरात पश्चात्ताप करत बसणार. कसली बाई आहे मी?

फोन करायला हवा. आत्ता तू जेवायला घरी गेली असशील. संध्याकाळी तुझा नवरा उचलेल.

उद्या नऊला. हे मी कारणं शोधते आहे, मला माहीत आहे. पण उद्या नऊला नक्की.


शुक्रवार, १३ फेब्रुवारी
सकाळचे अकरा

फोन झाला. तुला माहीतच आहे काय काय झालं, पण माझ्या बाजूने काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

आठ वाजल्यापासून फोनसमोर बसले होते. बाईंनी सांगितलेल्या पद्धतीने, कोपर टेबलावर टेकून. नऊला दहा मिनिटं असताना लावला, तू उचललास, आणि मागे म्हातारा आधीच सुरू! लवकर येतेस हल्ली.

‘ताई? इतक्या सकाळी? बरी आहेस ना?’

मी म्हणाले, ‘मशीन बंद कर.’

‘का गं?’

‘ऐकू येत नाही.’

पुन्हा खोटं बोलले. जीभच तशी वळली आहे. पण तू बंद केलंस. म्हातारा खाकरला आणि थांबला. मग मला तुझा श्वास ऐकू आला. मशीनपर्यंत जाऊन परत येण्याएवढं अंतर, सहा-सात पावलं असतील, आणि तुझ्या श्वासाच्या शेवटी बारीक शिट्टी वाजत होती. ती शिट्टी मला पाठ आहे. मी तिच्याबरोबर झोपते.

तू म्हणालीस, ‘हं, बोल आता.’

आणि माझी दातखिळी बसली. घशाशी तेच, अठराव्या पायरीवरचं. तू ‘ताई, ताई’ करत होतीस. मला वाटलं, ठेवून द्यावा फोन, दम लागला म्हणून सांगता येईल, तू विश्वास ठेवशील, नेहमी ठेवतेस. मग आठवलं, जड काम सोडताना करायचं. नाकाने दोन मोजले. ओठांचा चंबू केला. आणि बाहेर जाणाऱ्या श्वासावर जेवढे शब्द बसले तेवढे म्हणाले.

‘त्याची पिशवी फाटलेली आहे.’

पुन्हा दोन. पुन्हा चंबू.

‘तू असल्यापासून. मला माहीत होतं.’

तुला वाटलं असेल, आजारपणात बरळते आहे. मग तू हळू विचारलंस, ‘मागचं झाकण?’ आणि मी म्हणाले, ‘मीच बंद केलं. उघड.’ तू फोन टेबलावर ठेवलास. मला सगळं ऐकू आलं. तू ते गुलाबी कोरून काढत होतीस, छिन्नीने असेल, मध्ये दोनदा खोकायला थांबलीस. झाकण फरशीवर पडलं.

परत आलीस तेव्हा मला वाटलं, आता शिव्या देशील. मी तयार होते. मला हव्याच होत्या.

तू एवढंच म्हणालीस, ‘भिंत झडतेय म्हणाली होतीस, ताई.’

हो, म्हणाले होते.

त्यानंतर तू बोललीही नाहीस आणि फोनही ठेवला नाहीस. मी तुझे श्वास मोजत राहिले. सतरा. अठराव्याला फोन बंद झाला.

आता मी सांगते ते ऐक. शेवटचं ऐक, यापुढे हुकूम नाही. आजच्या आज छातीचा फोटो काढून घे. डॉक्टरांना काम सांग, फाटक्या पिशवीची दहा वर्षं सांग, माझं नाव सांग, काही झाकू नकोस. ते म्हणतील वजनामुळे आहे, तर म्हण की माझ्या बहिणीलाही तसंच वाटलं होतं. कदाचित तुझ्यात फार नसेल. तू पुढे सरकून बसली होतीस. मी रोज सकाळी आता त्या वीतभर अंतराचा हिशेब करते आणि त्यावर आशा धरते. खोली ओल्या फडक्याने पुस, झाडू नकोस, धूळ पुन्हा उडते. जिना चढताना सोडत चढ. दोन आत, चार बाहेर. दम लागला की धावपळ करू नकोस, टेबलावर कोपर टेकून पुढे वाक. घाबरायला होतं तेव्हा आधी सोडायचं, मग घ्यायचं. हे मी तुला प्लास्टर कालवायला शिकवलं तसं समोर बसवून शिकवायला हवं होतं. माझ्याकडून शिकायचं नसेल तर दुसऱ्या कुणाकडून शिक, पण शिक.

मी दहा वाजता छातीच्या डॉक्टरांकडे फोन केला. माझ्या कागदावर ‘एकटी’ लिहिलं आहे ते खोडायला लावलं. आम्ही दोघी होतो, असं सांगितलं.

हे पत्र आता मी स्वतः टाकणार आहे. शिवणवाल्या बाई खाली उभ्या राहणार आहेत, अठराव्या पायरीपाशी.

तू माफ करावंस म्हणून मी हे लिहीत नाही. तसं लिहिलं तर तेही माझ्याच सोयीचं होईल. मला फक्त भीती वाटते. पत्र पोचेपर्यंत चार दिवस आहेत आणि तू आज दुपारी काय केलंस ते मला कळणार नाही. रागाने झाकण लावून पुन्हा सुरू केलंस का, ऑर्डर अडली म्हणून ‘आजच्या दिवस’ म्हणालीस का. मीही आजच्या दिवसच म्हणाले होते.

म्हणून एक कर. तुला माझ्याशी बोलावंसं वाटणार नाही, ते बरोबरच आहे. बोलू नकोस. पण रोज सकाळी नऊ वाजता, तुझ्या जागेतून, एकदा फोन कर. मी उचलीन, मीही काही बोलणार नाही. तुझ्यामागे शांतता असली की मला कळेल. मग तू ठेवून दे, आणि मी उठून माझा पडदा उघडीन.

फोनपाशी बसलेली,
तुझी, अजून म्हणावंसं वाटलं तर,
ताई